बंगळुरात नवे आहात? आधी उभ्याने खायला शिका

बंगळुरातल्या माझ्या पहिल्या सकाळी मी एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, तब्बल पंधरा मिनिटं वेटरची वाट बघत उभा होतो. लोक येत होते, दोसा खात होते, कॉफी पिऊन ऑफिसला पळत होते. मी मात्र उंच गोल टेबलाला कोपर टेकवून मेन्यूकार्डाची वाट बघत होतो. शेवटी टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला माझी दया आली. त्याने नुसत्या हनुवटीने दाराजवळच्या गल्ल्याकडे खूण केली. आधी पैसे भर, चिठ्ठी घे, मग बघू.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कामामुळे या गावी जाणं-येणं सुरूच राहिलं, आणि आता पुण्या-मुंबईकडची नोकरीला येणारी भाचेमंडळी मला विचारतात, "मामा, तिथे खायचं कुठे?" सुरुवातीला मी नावांची यादी पाठवायचो. मग त्यांचे फोन यायचे: बंद होतं, संपलं होतं, तासभर रांग होती, सांबारच दिलं नाही. नावं बरोबर होती, पण वेळ आणि रीत सांगायची राहून जात होती. म्हणून आता सगळं क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: घड्याळ बघा, मेन्यू नंतर

मुंबईतल्या उडप्याकडे सकाळी आठला जा नाहीतर रात्री दहाला, मसाला डोसा मिळतोच. त्यामुळे आपल्याला सवय वाईट लागलेली असते. बंगळुरातल्या जुन्या जागा घड्याळावर चालतात. सकाळी साडेसहा-सातपासून अकरा-साडेअकरापर्यंत 'तिंडी', म्हणजे नाश्ता. साधारण साडेबारा ते तीन 'ऊटा', म्हणजे जेवण. या वेळात बऱ्याच ठिकाणी दोशाचा तवा थंड असतो. काही जागा दुपारी चक्क कुलूप लावतात (पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही). चारच्या सुमाराला पुन्हा तिंडी सुरू होते.

म्हणून दोसा-इडली खायची ती सकाळी आठच्या आत. नऊनंतर शनिवार-रविवारी नावाजलेल्या जागी रांग ठरलेलीच.

दुसरी पायरी: दर्शिनीची रीत

दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं, स्वतःच घ्यायचं आणि झटपट बाहेर पडायचं हॉटेल. या धर्तीचं पहिलं हॉटेल, 'कॅफे दर्शिनी', 1983 साली जयनगरमध्ये निघालं. त्याचं श्रेय आर. प्रभाकर यांना देतात. बसायला खुर्च्या नाहीत, त्यामुळे कमी जागेत जास्त गिऱ्हाईक. वेटर नाहीत, त्यामुळे दर कमी. आणि स्वयंपाक काचेआड नाहीतर सरळ डोळ्यांसमोर, त्यामुळे काय चाललंय ते दिसतं. 'दर्शिनी' हे नाव पुढे इतकं चाललं की आज ते एका हॉटेलाचं न राहता सगळ्या जातकुळीचं झालंय.

आत शिरलात की आधी भिंतीवरचा फलक वाचून घ्या. गल्ल्यावर गेल्यावर विचार करत बसू नका. मागची रांग काही बोलत नाही, पण तिचा श्वास मानेवर जाणवतो. हवं ते सांगा, पैसे द्या. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी सुटे पैसे जवळ असू द्या. मिळालेली चिठ्ठी घेऊन योग्य खिडकीशी जायचं. इथेच नवखे फसतात, कारण खिडक्या वेगवेगळ्या असतात: इडली, वडा आणि 'बात' (हे काय ते पुढे सांगतो) एकीकडे, दोसा दुसरीकडे, कॉफी-चहा तिसरीकडे. इडली लगेच हातात पडते. दोशाची चिठ्ठी देऊन बाजूला थांबावं लागतं. कॉफीचे पैसे सुरुवातीलाच भरा, पण ती चिठ्ठी खिशात ठेवा आणि खाणं झाल्यावर द्या. दोन्ही एकदम घेतलंत तर एका हातात गरम दोसा, दुसऱ्यात गरम कॉफी आणि टेबल एकही मोकळं नाही, अशी सर्कस होते.

टेबल कोणाच्या मालकीचं नसतं. अनोळखी माणूस तुमच्यासमोर ताटली ठेवून खायला लागला तर तो आगाऊ नाही, तसंच असतं इथे. चटणी हवी तर पुन्हा मागायला संकोच करू नका. पाणी स्टीलच्या पेल्यातून, ओठ न लावता वरून प्यायचं. हे जमत नसेल तर आधी घरी सराव करा, मी शर्टावर केला होता. खाऊन झालं की ताटली ठरलेल्या टबात. बक्षिसी कोणी ठेवत नाही.

तिसरी पायरी: फलकावरचं वाचायचं कसं

इथे मराठी माणसाचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. आपलं 'उप्पीट' मुळात कन्नडच: उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. बंगळुरात मात्र ते 'खारा बात' या नावाने मिळतं, मऊ, तुपाळ, भाज्या घातलेलं. शिरा म्हणजे 'केसरी बात'. एकाच ताटलीत दोन्हींचा एकेक गोळा हवा असेल तर 'चौ चौ बात' मागा. हे नाव ऐकून चिनी पदार्थ असेल म्हणून माझ्या एका मित्राने तो दोन वर्षं टाळला.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झालीच आहे. कन्नडमध्ये वांग्याला 'बदनेकाई' म्हणतात, पण मसालेभाताच्या वळणाचा जो वांग्याचा भात मिळतो तो 'वांगी बात'. नावातली वांगी सरळ आपल्याकडची. जेवणातली 'कोसंबरी' ही कोशिंबिरीची बहीण, भिजवलेली मुगाची डाळ आणि काकडीची. 'होळिगे' किंवा 'ओब्बट्टु' म्हणजे पुरणपोळी.

आता दोसा. इथला मसाला दोसा आपल्याकडच्यासारखा हातभर लांब, कागदासारखा नसतो. तो आटोपशीर, जाडसर, बाहेरून तांबूस कुरकुरीत आणि आतून मऊ असतो. भाजीखाली लसूण-मिरचीची लाल चटणी फासलेली असते. 'बेण्णे' म्हणजे लोणी. बेण्णे दोसा म्हटलात की लोण्याचा हात सैल सुटतो, आणि त्यातला दावणगेरे पद्धतीचा तर पांढऱ्या लोण्यात न्हालेलाच असतो. 'सेट दोसा' म्हणजे जाळीदार, मऊ दोशांची चळत आणि बरोबर 'सागू', म्हणजे भाज्यांचा रस्सा. 'तट्टे इडली' म्हणजे ताटलीएवढी पसरट इडली. तुमकूर आणि बिडदीकडची खासियत. 'मंगळूर बन्स' पाव नसून पिकलं केळं घालून केलेल्या गुबगुबीत पुऱ्या असतात.

सांबाराबद्दल आधीच सांगून ठेवतो, ते गोडसर असतं. गुळाची आमटी खाऊन वाढलेल्यांना ते घरचं वाटेल. कोल्हापूर-सोलापूरकडच्यांनी पहिल्याच घासाला नाक मुरडू नये, चटणीकडे वळावं.

कन्नडचे चार शब्द पाठ करून जा. 'ओंदु' एक, 'एरडु' दोन, 'कोडी' म्हणजे द्या, 'साकु' म्हणजे पुरे. "एरडु इडली, ओंदु वडे कोडी" एवढं म्हटलंत तरी गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा बदलतो. थेट हिंदीत हुकूम सोडण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

चौथी पायरी: कॉफी

चहाबाजांनी निदान पहिला आठवडा तरी चहा मागू नये. फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, तिच्यामुळे दाट रंग आणि किंचित कडवटपणा येतो. काढा आधीच गाळून तयार असतो, त्यावर उकळतं दूध ओततात. जास्त काढा हवा तर 'स्ट्राँग', कमी हवा तर 'लाइट'. साखर कमी हवी तर 'सक्करे कम्मी', नकोच असेल तर 'सक्करे बेडा'. पेला लहान असतो म्हणून मोठी मागू नका, पुन्हा एक घ्या. दोघांत एक हवी असेल तर 'बाय टू' म्हणा, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पाचवी पायरी: एक शनिवार राखून ठेवा

शनिवारच का, तर बसवनगुडी-लालबाग परिसरातल्या माझ्या तीन आवडत्या जागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आहेत. ब्राह्मिन्स कॉफी बार रविवारी बंद, विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, एमटीआर सोमवारी बंद. शनिवारी तिन्ही साधतात. तरी निघण्याआधी फोनवर त्या दिवशीच्या वेळा तपासा. आणि रात्री जेवू नका, किंवा नावापुरतं जेवा.

मेट्रोच्या हिरव्या मार्गाने नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरा आणि रिक्षाने शंकरपुरमला, शंकर मठाजवळ ब्राह्मिन्स कॉफी बारला जा. 1965 पासूनची ही जागा म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खिडकी आणि समोरचा फुटपाथ. पदार्थ बोटांवर मोजण्याइतके: इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी, चहा. सांबार नाही. मागून लाजिरवाणं होऊ नका, नाहीच. त्याऐवजी पातळ हिरवट चटणी पळीने ओततात, संपली की पुन्हा ओततात. इडली त्या चटणीत अर्धी बुडवून खायची. एक इडली-वडा दोघांत घ्या. मला माहीत आहे, तुम्हाला आणखी एक घ्यावीशी वाटेल. आवरा, अजून सकाळ आहे.

तिथून चालत गांधी बझारला. विद्यार्थी भवन 1943 सालचं. नावाप्रमाणे आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेलं, आणि मग कन्नड लेखक, नट, पुढारी सगळ्यांचंच झालेलं. आत त्यांची चित्रं लावलेली आहेत. इथे बसायला मिळतं, पण दाराशी नाव सांगून थांबावं लागतं. वेटर डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत दोशाच्या ताटल्यांची उतरंड रचून आणतो; नवखे लोक फोन काढतात, जुने लोक मान वर करत नाहीत. दोसा जाड, तुपकट, कडक. मला विचाराल तर गावातला सगळ्यात चांगला दोसा हाच का, यावर मी शपथ घेणार नाही. मल्लेश्वरम भागातले लोक त्यांच्याकडच्या दोशासाठी भांडायला येतील. पण त्या खोलीतला गलका, पितळी आवाजातल्या ऑर्डरी आणि बाहेरचा फुलबाजार यांच्यासकट खाल्लेला दोसा हाच.

आता पोटाला उसंत हवी. लालबागेच्या पश्चिम दारातून तिकीट काढून आत शिरा. हैदर अलीने 1760 साली सुरू केलेली ही बाग. निवांत तासभर हिंडा, मधल्या खडकावर चढा आणि मुख्य दाराने बाहेर पडा. लालबाग रोडवर एमटीआर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

एमटीआर म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स. आपल्या घरात हे नाव गुलाबजामच्या पाकिटावरून आलेलं असतं, त्यामुळे भाचा म्हणाला होता, "पाकीटवाल्यांचं हॉटेल पण आहे?" प्रकार उलटा आहे. उडुपीजवळच्या मैया बंधूंनी 1924 साली हॉटेल काढलं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली करून पाहिली आणि रवा इडली जन्माला आली, असं ते सांगतात. घराण्यातले यज्ञनारायण मैया 1951 मध्ये युरोपला जाऊन आले आणि तिकडची हॉटेलं बघून स्वच्छतेच्या मागे लागले. आणीबाणीत सरकारने खाण्याचे दर इतके खाली बांधून दिले की दर्जा राखून विकणं परवडेना. हॉटेल बंद ठेवावं लागलं, आणि हातच्या लोकांना काम राहावं म्हणून तयार पिठं-मसाले विकायला सुरुवात झाली. पाकिटं आली ती अशी. पुढे 2007 मध्ये पाकिटांचा धंदा नॉर्वेच्या ऑर्कला कंपनीने घेतला. हॉटेल मैया कुटुंबाकडेच राहिलं. तेव्हा पाकिटातला उपमा खाऊन हॉटेलबद्दल मत बनवू नका.

तिथे तळमजल्यावर नाव नोंदवा आणि बोलावेपर्यंत थांबा. साडेबाराच्या पुढे पोचलात तर पूर्ण ऊटा मिळेल, पण तो एकामागून एक येणारा पदार्थांचा लोंढा असतो. दोन नाश्ते पोटात असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. मी या शनिवारी फक्त रवा इडली घेतो, काजू आणि कढीपत्त्याची, वाटीतलं वितळलेलं तूप वर ओतून. आणि कॉफी. ऊट्यासाठी दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी या.

मल्लेश्वरमचा वेगळा दिवस करा. सीटीआर, ज्याच्या पाटीवर आता 'श्री सागर' असतं, तिथला बेण्णे मसाला दोसा आणि तिथून जवळच वीणा स्टोअर्सची इडली. दोन्ही जागी गर्दी. बस, एवढं पुरे.

सहावी पायरी: मांसाहारी असाल तर 'मिलिटरी हॉटेल'

पाटीवर 'मिलिटरी' वाचून बिचकू नका, कँटीन कार्ड लागत नाही. शाकाहारी ब्राह्मणी हॉटेलांच्या जोडीने सामिष जेवणाची जी जुनी हॉटेलं निघाली त्यांना हे नाव पडलं. त्यातली बरीच मराठा कुटुंबांनी चालवलेली. 1638 च्या सुमाराला बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, आणि तेव्हापासून मराठ्यांची वस्ती इथे आहे. गेल्या काही पिढ्यांत घरची मराठी कन्नडच्या अंगाने बोलली जाऊ लागली, पण ती आहे. एका अशा हॉटेलात आम्ही दोघं मटणाबद्दल मराठीत कुजबुजत होतो, तर गल्ल्यावरचे आजोबा म्हणाले, "मऊ आहे, घ्या की." पुढचे दहा मिनिटं आमच्याकडे विशेष लक्ष होतं.

जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. तिथे मागायची ती 'दोन्ने बिर्याणी'. दोन्ने म्हणजे सुपारीच्या पानाचा द्रोण. बिर्याणी म्हटल्यावर केशर आणि लांब बासमती डोळ्यांपुढे आणू नका. तांदूळ आखूड, मसाला पुदिना-कोथिंबिरीचा, रंग हिरवट. एकच वाजता पोचा. दुपार कलली की मटणाच्या भांड्याचा तळ दिसायला लागतो आणि मग चिकनवर समाधान मानावं लागतं.

'रागी मुद्दे' मिळालं तर तेही घ्या. नाचणीचा उकडलेला वाटोळा गोळा. तो चावायचा नसतो! लहान तुकडा तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि सरळ गिळायचा. चावलात तर दाताला चिकटून बसतो आणि शेजारचा माणूस हसतो.

सातवी पायरी: चार वाजता आणि सात वाजता

चार वाजता अय्यंगार बेकरी गाठा. दर दोन गल्ल्यांआड एक असते. खारा बन, आलू बन आणि 'दिलपसंद', म्हणजे खोबरं आणि टुटीफ्रुटी भरलेला गोल पाव. व्ही. व्ही. पुरमच्या व्ही. बी. बेकरीत 'काँग्रेस कडलेकाई' मिळते. म्हणजे अर्धे केलेले मसाला शेंगदाणे, पक्ष काढू नका.

सात वाजता त्याच व्ही. व्ही. पुरमची खाऊगल्ली, सज्जनराव सर्कलजवळ. एरवी मी तिच्यासाठी वाकडी वाट करणार नाही, दर्शिनीत जे मिळतं तेच जास्त गोंगाटात मिळतं. पण डिसेंबर-जानेवारीत जायलाच हवं. तेव्हा 'अवरेकाई'चा हंगाम असतो. ही आपल्या वाल-पावट्याच्या घराण्यातली शेंग. दाणे भिजवून, सालं पिळून काढून जे सोलाणं करतात ते बघितलं की कोकणातल्या माणसाला डाळिंब्यांची उसळ आठवलीच पाहिजे. दोशात, उप्पिटात, रोटीत, फरसाणात, सगळीकडे तेच घालतात. थंडीतल्या शेंगेच्या त्या वासाला कन्नडमध्ये 'सोगडु' असा खास शब्द आहे.

आठवी पायरी: तुमची स्वतःची दर्शिनी

वरच्या सगळ्या जागा सुट्टीच्या दिवसाच्या. रोजच्या खाण्यासाठी घरापासून पाच मिनिटांच्या आतली एक शोधा. नावावरून काही ठरवू नका. 'एसएलव्ही' आणि 'सागर' नावाची इतकी हॉटेलं आहेत की नाव सारखं म्हणजे मालक सारखा असं समजणारा हमखास फसतो.

रिक्षावाले जिथे खातात तिथे चांगलं मिळतं, असं सगळे सांगतात. मला ते फारसं पटलेलं नाही. रिक्षावाला जिथे रिक्षा लावता येते तिथे खातो. माझी परीक्षा वेगळी आहे. सकाळी पावणेसातला बागेतून फिरून आलेली म्हातारी मंडळी कुठे थांबतात ते बघायचं. त्यांना घाई नसते, पैसे मोजून द्यायची सवय असते आणि कॉफी एक दिवस जरी पाणचट झाली तरी ते मालकाला ऐकवतात. जिथे असे पाच-सहा जण रोज दिसतात ती जागा पकडा. आणखी एक: परत आलेल्या ताटल्या बघा. चटणी उरलेली असेल तर दुसरीकडे चला.

सलग आठवडाभर एकाच वेळी गेलात की सातव्या-आठव्या दिवशी कॉफीवाला तुम्हाला बघूनच पेला पुढे ओढतो. माझ्या बाबतीत पंधरा दिवस लागले, कारण मी साखरेबद्दल रोज मत बदलत होतो.

घरी जाताना

मद्दूर वडा टिकतो. तो चपटा, खुसखुशीत, कांद्याचा असतो, मेदूवड्याशी गल्लत नको. मैसूरकडे जाणार असाल तर वाटेत मद्दूरलाच घ्या. कॉफीची पूड मात्र दळून देणाऱ्या दुकानातूनच घ्या. तिथे दोन गोष्टी विचारतील. चिकोरी किती? पहिल्यांदा घेत असाल तर शंभरात वीस सांगा. आणि दळण कशासाठी? 'फिल्टर' सांगा, नाहीतर बारीक पूड भोकांतून सरळ पेल्यात उतरेल. पाव किलोच्या वर नको, वास उडतो. पुडी दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. मी बांधली नव्हती, आणि दादरला उतरलो तेव्हा शर्टापासून टॉवेलपर्यंत सगळ्या बॅगेला कॉफीचा वास येत होता. बायकोने तरी तो टॉवेल दोनदा धुतला.